आयखेनग्रुंडमधलं चोऱ्यांचं वर्ष

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या दक्षिणेला, जिथे ट्राम वळसा घेऊन परत फिरायची, तिथे आयखेनग्रुंड नावाचं उपनगर होतं. एकोणीसशे साठच्या ऑक्टोबरात, लग्नाला चार महिने झाल्यावर, मी तिथे पोचले. माझे यजमान भास्कर सबनीस तिथल्या तंत्रविद्यापीठात संख्याशास्त्रात डॉक्टरेट करत होते. त्या काळी चारचौघांत मी त्यांचं नाव घेत नसे. आता लिहायची सोय म्हणून घेते, आणि खरं सांगायचं तर घ्यायला बरंही वाटतं.

शहरात तेव्हा अजून बॉम्बनं पडलेल्या घरांच्या मोकळ्या जागा दिसत. पडक्या भिंतींतून पिवळी रानफुलं उगवलेली असत. आयखेनग्रुंड मात्र युद्धातून वाचलं होतं. लाल कौलांची टुमदार घरं, खिडक्यांना लेसचे पडदे, मागे सफरचंदाची झाडं. आमच्या घरमालकीण फ्राऊ हार्टुंग, पोस्टातल्या एका अधिकाऱ्याच्या विधवा. वरच्या दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या होत्या आणि खोल्यांबरोबर नियमही दिले होते. जिना कोणत्या आठवड्यात कोणी पुसायचा, रविवारी कपडे दोरीवर घालायचे नाहीत, दुपारी पाट्यावर वाटायचं नाही. माझ्या पहिल्या फोडणीला त्या धावत वर आल्या होत्या. काहीतरी जळतंय असं त्यांना वाटलं. हिंगाची डबी हुंगून त्यांनी जो चेहरा केला, तो आठवला की मला अजून हसू येतं. वर्षभरात त्याच बाई कोबीच्या भाजीत चिमूटभर "ते तुमचं" घालून मागायला लागल्या.

उपनगराच्या पलीकडे पाइनचं रान होतं आणि रानाच्या पलीकडे जीडलुंग, म्हणजे नवी वसाहत. चार-चार मजली, राखाडी, एकसारख्या इमारती. युद्धानंतर पूर्वेकडचे जे प्रांत गेले, तिथून घरंदारं सोडून आलेली माणसं त्यांत राहत. भाषा जर्मनच, धर्म तोच, पण आयखेनग्रुंडचे जुने लोक त्यांना "तिकडचे" म्हणत. त्या लोकांना ट्राम गाठायची तर रानातून येणारी एक पायवाट होती. ती आमच्या मागच्या बागांच्या कुंपणांना लागून थांब्यापर्यंत जायची. सकाळी मी खिडकीत चहा घेत उभी असले की डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका तिथून लगबगीनं जाताना दिसत.

त्यांच्यातल्याच एकीशी माझी मैत्री झाली. पहिल्याच हिवाळ्यात ट्रामच्या पायरीत माझ्या साडीच्या निऱ्या अडकल्या आणि काठ टरकन फाटला. मी तिथेच रडकुंडीला आले. एक उंच, हाडकुळी बाई माझ्याबरोबर उतरली, रस्त्यातच गुडघ्यांवर बसली आणि आपल्या कोटाच्या आतल्या पिना काढून तिनं माझा काठ आवरून दिला. ती मार्था पोल. पूर्वेकडच्या ब्रेस्लाऊची. नवरा युद्धातून आलाच नव्हता, आणि सासूला घेऊन ती जीडलुंगमध्ये राहत होती. शिवणकाम करायची. पुढे तिनं मला साडीच्या आत घालायला फ्लॅनेलचा जाड परकर शिवून दिला. त्या परकरामुळेच मी जर्मनीचे हिवाळे काढले. दर मंगळवारी ती पायवाटेनं येऊन मागच्या फाटकातून आमच्याकडे येई. ती शिवत बसे आणि मी तिच्याकडून जर्मन शिके. त्यामुळे माझं जर्मन सगळं शिवणाचं होतं. दवाखाना आणि रस्ता यांना काय म्हणतात ते मला उशिरा कळलं. टीप, काज, अस्तर मात्र आधी.

बासष्टच्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात एक छोटी बातमी आली. मागच्या वर्षात कोणत्या भागात किती गुन्हे नोंदले गेले त्याचे आकडे होते. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की आयखेनग्रुंडमधल्या चोऱ्या आदल्या वर्षाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या.

त्या एका ओळीनं उपनगराची रयाच गेली. जी फाटकं नुसती लोटलेली असत त्यांना कुलपं आली. पायरीवर दुधाच्या बाटल्या ठेवणं बंद झालं. बेकरीच्या रांगेत दुसरा विषय नाही. आणि चोर कोण, हे कोणी उघड बोलत नसलं तरी सगळ्यांच्या माना रानाच्या दिशेनं वळत. फ्राऊ हार्टुंगनी तळघराला कुलूप घातलं आणि मला किल्ली देताना म्हणाल्या, "फ्राऊ झाबनिस," सबनीसचं त्यांच्या तोंडी झाबनिस झालं होतं, "तुमची ती शिंपीण यापुढे पुढच्या दारानं येऊ दे. मागचं फाटक मी बंद ठेवणार आहे."

"पण पुढून यायचं तर तिला केवढा वळसा पडेल!"

"मग पडू दे," त्या म्हणाल्या. मात्र माझ्याकडे न बघता.

आयखेनग्रुंडमध्ये जुन्या रहिवाशांचं एक मंडळ होतं. निवृत्त मुख्याध्यापक हेर व्हाइगांड त्याचे अध्यक्ष. ताठ मान, पांढऱ्या मिशा, बोलताना समोरचा विद्यार्थीच आहे असा सूर. एप्रिलमध्ये ते स्वतः जिना चढून आमच्याकडे आले. मंडळाची सभा होती. पायवाटेवर कुलपाचं फाटक बसवावं आणि किल्ल्या फक्त मंडळाच्या सभासदांना द्याव्यात, असा ठराव यायचा होता. त्यासाठी लोकांना लांबून दिसेल असा आकड्यांचा मोठा तक्ता हवा होता.

"तुम्ही आकड्यांचे माणूस," ते भास्करांना म्हणाले. "तुमच्याइतकं नेटकं कोण करणार?"

भास्करांचा चेहरा खुलला. दीड वर्षात त्या माणसानं त्यांना नमस्कारापलीकडे एक शब्द दिला नव्हता. ते लगेच हो म्हणाले. संध्याकाळी जेवणाचं टेबल आवरून त्यांनी त्यावर मोठा कागद पसरला, पट्टी, शाई, रंग घेऊन बसले आणि शीळ घालायला लागले. शीळ ऐकून माझं डोकं फिरलं.

"तुम्ही हा तक्ता करणार?" मी विचारलं.

"का? काय झालं?"

"अहो, ते फाटक बसलं तर मार्थानं रोज ट्रामला कसं जायचं? हमरस्त्यानं? बर्फात? आणि तिची सासू?"

"वसुधा, फाटक मी बसवत नाहीये. मी नुसते आकडे मांडतोय. आकडे खरेच आहेत ना?"

"मला काय ठाऊक खरे की खोटे!" मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "मी आले त्याच महिन्यात माझी शाल दोरीवरून गेली. आईनं दिलेली, जांभळी. ती धरलीत तुमच्या आकड्यांत?"

"ती मागच्या वर्षीची नाही, त्याच्या आधीची."

"मग आधीच्या आकड्यांत धरलीत?"

"आपण पोलिसांत कुठे कळवलं होतं?" ते म्हणाले. "फ्राऊ हार्टुंगच म्हणाल्या, एका शालीसाठी दोन ट्राम बदलून शहरात जायचं, बाकावर ताटकळायचं, आणि वर तो साहेब विचारणार, वाऱ्यानं तर नाही ना गेली?"

एवढं बोलून ते थांबले. हातातली लेखणी त्यांनी दौतीत ठेवली. मी आणखी काय काय म्हणत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. थोड्या वेळानं ते म्हणाले, "आपल्या इथली पोलिस चौकी केव्हा उघडली गं?"

चौकी उघडली होती मागच्या वर्षीच्या मे महिन्यात, बेकरीच्या शेजारी, जिथे आधी चांभाराचं दुकान होतं तिथे. लोरेंझ नावाचा एक गुबगुबीत, शांत हवालदार तिथे बसत असे. काम फारसं नव्हतं, म्हणून की काय, येणाऱ्याला खुर्ची द्यायचा आणि सगळं नीट ऐकून लिहून घ्यायचा. बाग शिंपायची नळी गेली तरी. लोक ब्रेड घ्यायला यायचे आणि पिशवी हातात घेऊनच चौकीत शिरायचे.

दुसऱ्या दिवशी भास्कर लोरेंझकडे जाऊन बसले. परत आले ते पायातले बूटही न काढता बोलायलाच लागले. एप्रिलपर्यंत आकडे आदल्या वर्षासारखेच, नेहमीचे. मे महिन्यात एकदम उडी. आणि तक्रारी लिहून देणाऱ्यांत जीडलुंगचेच लोक भरपूर. कुणाची सायकल, कुणाचा कोळसा, कुणाच्या कोंबड्या. जेवढं इकडच्यांचं गेलं होतं तेवढंच तिकडच्यांचंही.

"म्हणजे चोऱ्या वाढल्याच नाहीत?" मी विचारलं.

"ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "वाढल्या असतील, नसतीलही. वाढलंय ते लोकांचं सांगणं. एवढंच मी म्हणू शकतो."

"मग हेर व्हाइगांडना सांगा ना, मी तक्ता करत नाही म्हणून."

"छे. तक्ता करणार," ते म्हणाले. "मात्र महिन्यांचा."

सभा रविवारी दुपारी होती, थांब्याजवळच्या खानावळीच्या मागच्या दालनात. बायकांच्या बरोबर मी कॉफीच्या किटल्यांपाशी उभी होते. मला नुकतेच दिवस गेले होते. तळलेल्या बटाट्यांचा वास सहन होत नव्हता, आणि भीती वाटत होती ती वेगळीच. दालन गच्च भरलं होतं. भास्कर उभे राहिले तेव्हा त्यांच्या कोटाची मागची घडी विस्कटलेली मला दिसली. जाऊन ती नीट करावी असं वाटत राहिलं.

त्यांनी तक्ता टांगला. मे महिन्यावर लाल रेघ मारली होती. त्यांचं जर्मन व्याकरणाला धरून होतं, पण घाबरले की ते फार हळू बोलत. चौकी कधी उघडली, आधी तक्रार करायला काय त्रास पडे, आता किती सोपं झालंय, हे सगळं त्यांनी सांगितलं.

"म्हणजे आमच्या पोलिसांनी चोऱ्या वाढवल्या म्हणता?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा झाला.

भास्कर हसले नाहीत. ते म्हणाले, "चौकी उघडायच्या आधी ज्यांचं काही चोरीला गेलं आणि ज्यांनी ते कळवलं नाही, अशांनी कृपा करून हात वर करावेत."

एकही हात वर झाला नाही. परक्या माणसानं असं विचारावं हे कुणाला रुचलं नव्हतं. हेर व्हाइगांड पुढ्यातले कागद जुळवायला लागले. भास्करांचे कान लाल झालेले मला इतक्या लांबून दिसत होते. आपण आपल्या गावी असायला हवं होतं, असं त्या क्षणी मला फार वाटलं.

तेवढ्यात एक खुर्ची सरकली. फ्राऊ हार्टुंग उभ्या राहिल्या. काळी टोपी, हातात पर्स.

"माझे ससे," त्या म्हणाल्या. "माझे यजमान गेले त्या वर्षी. पिंजऱ्यासकट नेले. मी कुणालाही कळवलं नाही."

"मग कळवायला हवं होतं," हेर व्हाइगांड म्हणाले.

"कुणाला? तुम्हाला? त्याच महिन्यात तुमची शिडी गेली होती, व्हाइगांड. कुंपणावरून तुम्हीच मला सांगितलंत. तुम्ही कुठे गेला होतात शहरात?"

आता जो हशा झाला तो निराळा होता. मग एकेक आवाज यायला लागला. कुणाची हातगाडी, कुणाच्या बागेतलं सफरचंदाचं अख्खं झाड एका रात्रीत उतरवलेलं, कुणाच्या नवऱ्याचा रविवारचा कोट. लोक उठून उभे राहून सांगत होते, एकमेकांना आठवण करून देत होते, आणि काही जण चक्क रंगात आले होते. हेर व्हाइगांड घंटी वाजवत होते, पण ऐकतो कोण.

खिडकीपाशी एक म्हातारा बसला होता. रेल्वेत इंजिन चालवायचा, आडनाव डोर्न. तो उठला नाही. बसल्या जागेवरूनच बोलला, पण सगळे त्याच्याकडे वळले.

"सेहेचाळीसच्या थंडीत मी कोळशाची गाडी घेऊन या रानापाशी यायचो," तो म्हणाला. "वळणावर गाडी मुद्दाम सावकाश घ्यायचो. का, ते तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या चुलीत माझ्या गाडीतला कोळसा जळला नाही?"

एक बाई रुमालात नाक शिंकरत होती. फ्राऊ हार्टुंग अजून उभ्याच होत्या. त्यांनी पर्स छातीशी धरली होती. सभा म्हणून जमलेले ते लोक थोडा वेळ सभा विसरले होते, असं मला वाटलं. कुठल्याशा एका हिवाळ्यात सगळे जाऊन बसले होते. त्या हिवाळ्यात मी सांगलीत आठ वर्षांची पोर होते आणि थंडी म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं.

"ती भूक होती," शेवटी कोणीतरी म्हणालं. "ही गोष्ट वेगळी."

"असेल," डोर्न म्हणाला आणि त्यानं कॉफी मागितली. मीच नेऊन दिली.

ठराव पडला असं मात्र नाही. थोड्याशा मतांनी तो पुढं ढकलला गेला, शरदातल्या सभेपर्यंत. हेर व्हाइगांडांनी तक्ता स्वतः गुंडाळून भास्करांच्या हातात दिला, पण हात मिळवला नाही. शरदात ठराव पुन्हा आला आणि तेव्हाही त्याला मतं अपुरी पडली. दोन-तीन घरांनी आपापली कुंपणं उंच करून घेतली. ती तशीच राहिली.

सभेहून घरी येताना फ्राऊ हार्टुंग आमच्याबरोबर होत्या. झाडांना नुकती पालवी फुटत होती. भास्कर त्यांचे आभार मानायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं.

"मला तुमचं ते आकड्यांचं काही कळलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तिथे उभे होतात आणि एकही माणूस बोलेना. माझ्या घरात राहणारा माणूस. ते मला बघवेना."

त्या मंगळवारी मागचं फाटक उघडं होतं. मार्थाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं ते आधी सावकाश ढकलून पाहिलं आणि मग आत आली. फ्राऊ हार्टुंग स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गुटन टाग, फ्राऊ पोल." बस, एवढा नमस्कार. दोघींनी एकमेकींशी बोलावं असं मला वाटे, पण पुढचे कित्येक महिने त्या "गुटन टाग"च्या पुढे गेल्या नाहीत.

मग डिसेंबर आला. म्हातारे लोकही म्हणत होते की इतकी थंडी फार वर्षांत पडली नव्हती. माझे दिवस भरले होते. भास्कर विद्यापीठात गेलेले, आणि भर दुपारी माझ्या पोटात कळा सुरू झाल्या. मी जिन्यात बसून फ्राऊ हार्टुंगना हाक मारली. जर्मन शब्द एकही आठवेना, मराठीतच "अहो, जरा या हो" म्हणून ओरडले. त्या आल्या, एकदा बघितलं, कोट चढवला आणि बाहेर पडल्या. मला वाटलं चौकीत टेलिफोन करायला गेल्या. टेलिफोन तर त्यांनी केलाच, पण तिथून त्या तशाच पायवाटेनं, गुडघाभर बर्फातून, रान ओलांडून जीडलुंगमध्ये गेल्या. इतक्या वर्षांत तिकडे त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. कोणत्या इमारतीत मार्था राहते हेही त्यांना माहीत नव्हतं. "शिवण करणारी उंच बाई" असं विचारत त्या दारं ठोकत फिरल्या. दवाखान्याची गाडी यायच्या आधी दोघी माझ्यापाशी होत्या. मार्थानं मागे बसून मला धरलं होतं, आणि फ्राऊ हार्टुंगचे बर्फानं भिजलेले मोजे जमिनीवर पाण्याचं थारोळं करत होते. पुसून घ्यायचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

शुभाचा जन्म संध्याकाळी झाला. दवाखान्याच्या बाकावर त्या दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि भास्कर येरझाऱ्या घालत होते. दोघी तेव्हा काय बोलत होत्या, हे मी भास्करांना पुढे विचारलं होतं. ते म्हणाले, "सशांबद्दल. मार्थाच्या सासरीही ससे होते म्हणे."

शुभा वर्षाची झाल्यावर वर्तमानपत्रात पुन्हा आकडे आले. आयखेनग्रुंडमधल्या चोऱ्या निम्म्यावर आल्या होत्या. मधल्या काळात लोरेंझची शहरात बदली झाली होती आणि चौकीत एक तरणा, तुसडा हवालदार आला होता. खुर्ची देत नसे. नळी गेली म्हणणाऱ्याला तो "नीट शोधलीत का?" म्हणून परत पाठवी. बेकरीच्या रांगेत हेर व्हाइगांड म्हणाले, "बघा, शिस्त आली की नाही!" भास्करांनी तोंड उघडलं होतं. मी त्यांचा दंड दाबला. त्यांनी ब्रेड घेतला आणि मुकाट्यानं बाहेर आले, आणि मग रस्त्यावर आम्ही दोघं इतकं हसलो की बाबागाडीतली शुभाही हसायला लागली.

चौसष्टच्या उन्हाळ्यात आम्ही पुण्याला परतलो. शुभा दीड वर्षाची होती. निघायच्या दिवशी मार्थानं तिला नवा कोट घातला, दोन वर्षांनी बसेल एवढा मोठा, आणि फ्राऊ हार्टुंगनी तिला उचलून घेतली ती गाडी सुटायची वेळ होईपर्यंत खाली ठेवली नाही. घरमालकीण म्हणून नियमांवर बोट ठेवणारी ती बाई फलाटावर सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

पुण्यात कितीतरी दिवस शुभा दर सकाळी उठून दाराशी जाई आणि "ओमा, ओमा" करून हाका मारी. जर्मनमध्ये आजीला ओमा म्हणतात. माझ्या सासूबाई विचारत, "अगं वसुधा, ही कुणाला शोधते?" मी सांगे, "तिथल्या आजीला." "आणि परवा 'मार्था ओमा' म्हणत होती ती?" "ती दुसरी आजी." सासूबाई मग शुभाला कडेवर घेऊन अंगणात जात. हळूहळू ती हाक मारायची थांबली. कधी थांबली ते मला आठवत नाही. एका सकाळी लक्षात आलं की घर फार शांत आहे, आणि मी चहाचा कप हातात घेऊन खिडकीशी उगाचच उभी राहिले.